काचेवर उतरलेले आकाश : प्रस्तावना

हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात आकाशाचे दोन पट्टे काचेच्या प्लेटांवर उतरवून घेतले. पहिला पट्टा दक्षिण आकाशातला, उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा. दुसरा उत्तरेकडचा, अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा. पृथ्वीवर जसे अक्षांश, तशी आकाशात क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर. या पट्ट्यांतल्या लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या, त्यांचे आकडे बारा खंडांत छापले गेले आणि ते खंड जगभरच्या वेधशाळांकडे रवाना झाले. वीसेक वेधशाळांनी मिळून सगळ्या आकाशाचे छायाचित्रांवरून जे पहिले मोठे मोजमाप केले, त्यात भारतातून सहभागी झालेली वेधशाळा ही एकच. आजचा सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जळगावहून निघून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पोहोचले, की निजामाची हद्द लागायची. इतक्या जवळच्या या कामाची मराठी वाचकाला आजही फारशी ओळख नाही. ती व्हावी, हा या पुस्तकाचा पहिला हेतू.

हैदराबादचा दक्षिणेकडचा पट्टा खानदेशातून सहज दाखवता येतो. मेहरूणचा अक्षांश सुमारे २१ अंश. तलावाच्या काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे आणि हात ताठ करून मूठ धरावी. अशी मूठ साधारण दहा अंश आकाश झाकते. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत गेले की पाचव्या मुठीच्या आसपास, ४६ ते ५२ अंशांच्या उंचीवर, हा पट्टा याम्योत्तर वृत्त, म्हणजे आकाशातली दक्षिणोत्तर मध्यरेषा, ओलांडतो. माघ-फाल्गुनातल्या संध्याकाळी मृग डोक्यावर येतो, तेव्हा त्याच्या पायाशी असलेल्या शशकाचे दोन ठळक तारे या पट्ट्यात असतात आणि व्याध त्याच्या वरच्या काठाला टेकलेला असतो. उन्हाळ्याच्या शेवटी अनुराधा नक्षत्रातले दोन तारे आणि धनु राशीतली आकाशगंगेची दाट पाती याच पट्ट्यातून सरकतात. उत्तरेकडच्या पट्ट्यात अभिजित आहे. सूर्य सोडला तर छायाचित्रात पकडलेला पहिला तारा अभिजितच. १८५० च्या जुलैमध्ये हार्वर्ड वेधशाळेत विल्यम बाँड आणि छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनी पंधरा इंची दुर्बिणीतून त्याची प्रतिमा चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतली होती.

त्या पत्र्यावर अभिजितसारखा झगझगीत तारा उमटला, पण त्याहून मंद तारे उमटेनात. पुढची तीसेक वर्षे याच अडचणीत गेली. ओल्या कोलोडियनची प्लेट पत्र्यापेक्षा संवेदनशील होती, पण थर सुकण्याच्या आत प्रकाश द्यायचा आणि धुऊन काढायचे, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. अंधुक ताऱ्याला तेवढा वेळ पुरत नाही. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरने जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली. काही वर्षांत ती कारखान्यात बनू लागली आणि खगोलशास्त्राचे दार उघडले. कोरड्या प्लेटवर तासभर प्रकाश साठवता येतो. डोळा असा साठा करू शकत नाही. पहिल्या सेकंदाला जे दिसले नाही, ते तासभर टक लावूनही त्याला दिसायचे नाही. प्लेट मात्र प्रत्येक मिनिटाला थोडे अधिक पाहत जाते. हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. तीन वर्षांनी अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचा इतका तपशील टिपला, की हाताने काढलेली आधीची चित्रे बाजूला ठेवावी लागली.

हाताने काढलेल्या नकाशांना कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. जर्मनीत बॉन येथे आर्गेलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५० च्या दशकात नुसत्या डोळ्याने, लहानशा दुर्बिणीतून, ३,२४,१९८ ताऱ्यांची जंत्री केली. एकाने दुर्बिणीला डोळा लावून तारा पुढून जाताना हाक द्यायची, दुसऱ्याने वेळ लिहायची. तरीही तो एकेका ताऱ्याचा हिशेब होता आणि निरीक्षकाच्या थकव्याचे, घाईचे, आवडीनिवडीचे ठसे त्यात राहत. प्लेटने एकाच वेळी सगळ्या ताऱ्यांना साक्षीला बोलावले. दुसरे असे, की तो पुरावा पेटीत ठेवता येऊ लागला. पन्नास वर्षांनी कुणी वेगळा प्रश्न घेऊन आले, तर त्याच काचेला पुन्हा विचारता येते.

हे सर्वांत आधी ज्यांच्या ध्यानात आले, त्यांच्यात दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेचे डेव्हिड गिल होते. १८८२ च्या सप्टेंबरात एक अतिशय तेजस्वी धूमकेतू दिसला. गिल यांनी स्थानिक छायाचित्रकाराच्या मदतीने साधा कॅमेरा दुर्बिणीला बांधून त्याची छायाचित्रे घेतली. धूमकेतू तर आलाच, त्याच्या मागे ताऱ्यांची गर्दीही उमटली. त्या गर्दीकडे पाहून गिल यांनी ठरवले की दक्षिण आकाशाची जंत्री कॅमेऱ्यानेच करायची. प्लेटा त्यांनी घेतल्या. मोजल्या हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनच्या कापटाइन यांनी. कापटाइन यांच्याकडे दुर्बीण नव्हती, वेधशाळा नव्हती; विद्यापीठाने दिलेल्या जागेत त्यांनी कित्येक वर्षे दुसऱ्याच्या काचा मोजल्या. ४,५४,८७५ ताऱ्यांची ती जंत्री १८९६ ते १९०० दरम्यान छापून झाली. ज्याने पाहिले तो एक आणि ज्याने मोजले तो दुसरा, अशी कामाची वाटणी तेव्हापासून रूढ झाली.

पॅरिसमध्ये पॉल आणि प्रॉस्पर हे हेन्री बंधू वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले. ते क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या, आसपासच्या आकाशाचे नकाशे हाताने काढत होते. आकाशगंगेपाशी आल्यावर तारे इतके दाटले की हात टेकायची वेळ आली. दोघेही भिंग घासण्यात निष्णात. त्यांनी खास छायाचित्रणासाठी ३३ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण घडवली. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या प्लेटवर कृत्तिकेतल्या माया ताऱ्याभोवती एक मेघ उमटला. तोवर तो कुणाच्या नजरेला आला नव्हता.

गिल यांचा आग्रह आणि हेन्री बंधूंची दुर्बीण, दोन्ही हाताशी असल्यावर पॅरिस वेधशाळेचे संचालक ॲडमिरल मूशे यांनी १८८७ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना बोलावले. छप्पन्न जण जमले. सगळे आकाश क्रांतीच्या पट्ट्यांत वाटून घ्यायचे आणि प्रत्येक वेधशाळेने आपल्या पट्ट्याची जबाबदारी घ्यायची, असे ठरले. दुर्बीण सगळ्यांची एकाच मापाची, जेणेकरून प्लेटवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला (अंशाचा साठावा भाग). एका प्लेटवर दोन अंश लांब आणि दोन अंश रुंद आकाश. कामे दोन : अकराव्या प्रतीपर्यंतच्या (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा मोठा, तितका तारा मंद) ताऱ्यांच्या जागा मोजून जंत्री छापायची, आणि चौदाव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारे छापील नकाशे काढायचे. अठरा वेधशाळांनी काम अंगावर घेतले. अंदाज होता थोड्या वर्षांचा. जंत्री पुरी व्हायला साठ-सत्तर वर्षे लागली. नकाशे कधीच पुरे झाले नाहीत आणि १९७० मध्ये तो उद्योग अधिकृतपणे थांबवण्यात आला.

या कामात एका रात्रीचा आणि एका दिवसाचा व्याप काय असे, हे जवळून पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. रात्री निरीक्षक जोड-दुर्बिणीला डोळा लावून बसे. मुख्य दुर्बिणीत प्लेट, जोड-दुर्बिणीत कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंची फुली. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बीणही घड्याळाच्या यंत्राने फिरायची, पण कुठलेही यंत्र अगदी बिनचूक चालत नाही. मार्गदर्शक तारा फुलीवरून रेसभर हलला की हाताने चाक फिरवून त्याला जागेवर आणायचे, प्लेट उघडी असेपर्यंत नजर हलू द्यायची नाही. जंत्रीच्या प्लेटवर प्रकाश तीनदा दिला जाई, रूढ प्रमाण सहा मिनिटे, तीन मिनिटे आणि वीस सेकंद. प्रत्येक वेळी दुर्बीण किंचित सरकवायची. त्यामुळे ठळक ताऱ्याचे तीन ठिपके एकापाशी एक उमटत. ठिपका एकटाच असेल तर तो धुळीचा कण की तारा, हा संशय येतो. तिघे ठरलेल्या अंतरावर असले की संशय फिटतो. शिवाय धुण्याआधी प्लेटवर पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची जाळी प्रकाशाने छापून घेत. धुताना-सुकताना जिलेटिन कुठे ताणले किंवा आक्रसले, तर जाळीच्या रेषाही तशाच वाकड्या होत आणि चूक उघडी पडे. आपल्याकडच्या हवेत जिलेटिन सांभाळणे हे वेगळेच संकट. पाणी गरम असेल तर थर मऊ पडतो, कडेने सुरकुतून काचेवरून सुटू लागतो. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

दिवसा मोजणी. प्लेट चौकटीत बसवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चौकोन आणायचा, त्यातल्या प्रत्येक ताऱ्याचे आडवे आणि उभे अंतर वाचायचे, ठिपक्याच्या आकारावरून त्याची प्रत ठरवायची. एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. सगळी प्लेट झाली की ती उलट फिरवून पुन्हा पहिल्यापासून, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्याचा एका बाजूला झुकण्याचा कल असतो आणि दोन्ही वाचनांची सरासरी घेतली की तो कल निघून जातो. एका प्लेटवर शेकडो तारे. आकाशगंगेतली प्लेट असेल तर हजारांच्या घरात. पॅरिस वेधशाळेत हे काम बायका करत. १८९२ पासून त्या विभागाच्या प्रमुख डोरोथिया क्लुम्पके होत्या. व्हॅटिकन वेधशाळेच्या वाट्याचे तारे चार जोगिणींनी मोजले. त्यांची नावे एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलंबो, कॉन्चेत्ता फिनार्दी आणि लुइजिया पांचेरी. ती शंभर वर्षे कागदपत्रांत पडून होती, २०१६ मध्ये उजेडात आली. बहुतेक वेधशाळांतल्या मोजणाऱ्यांची नावे अजूनही उजेडात आलेली नाहीत, आणि याची खंत मला या पुस्तकाचे काम करताना सतत वाटत राहिली.

पॅरिसची ही परंपरा म्हणजे मोजणाऱ्यांची. तिच्याच काळात अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांना ताऱ्याच्या जागेपेक्षा त्याच्या तेजात आणि वर्णपटात रस होता. लहान भिंगांचे कॅमेरे घेऊन सगळे आकाश पुन:पुन्हा टिपत राहायचे, उत्तरेला केंब्रिजमधून आणि दक्षिणेला पेरू देशातल्या अरेकिपा येथून, ही त्यांची पद्धत. या गस्तीतून पाच लाखांच्या आसपास प्लेटा साठल्या. विल्यमिना फ्लेमिंग, ॲनी कॅनन, हेन्रिएटा लेव्हिट यांची मोठी कामे याच काचांवर झाली. लेव्हिट यांना रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाचा आणि कालावधीचा जो संबंध सापडला, त्यावर पुढे विश्वाची अंतरे मोजली गेली. तिसरी परंपरा चित्रकाराच्या नजरेची म्हणावी अशी : आकाशगंगेतले काळे पट्टे आणि मेघ दाखवणारे बर्नार्ड, देवयानीच्या तेजोमेघाची सर्पिल ठेवण टिपणारे आयझॅक रॉबर्ट्स, हायडेलबर्गचे मॅक्स वोल्फ. लघुग्रह स्वतःच्या गतीने सरकतो म्हणून प्लेटवर त्याची रेघ उठते, हे हेरून वोल्फ यांनी १८९१ पासून लघुग्रहांची रासच लावली.

फ्रान्सने आपली ताकद पॅरिसच्या नकाशात अडकवली आणि तेवढ्यात अमेरिका पुढे निघून गेली, असे इतिहासकार बरेचदा लिहितात. त्यात तथ्य आहे. १८८७ च्या सभेने दुर्बिणीचे माप एकदा ठरवले आणि पुढची पन्नास वर्षे कुणालाच ते बदलता आले नाही. पण तो निवाडा १९६० च्या सुमाराला बसून दिलेला आहे. आज तो तसाच स्वीकारणे मला मान्य नाही, आणि का नाही, ते पुढे सांगतो.

एक गोष्ट ओघात स्पष्ट केली पाहिजे. प्लेटचा डोळा आणि आपला डोळा एक नव्हे. जुन्या प्लेटा निळ्या प्रकाशाला हळव्या होत्या, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. रोहिणी किंवा ज्येष्ठा यांच्यासारखे तांबूस तारे तिथे आपल्याला दिसतात त्याहून बरेच मंद उमटतात. जुना नकाशा आणि डोक्यावरचे आकाश जुळत नाही, म्हणून नवखा वाचक गोंधळतो. त्याचे कारण हे.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्रातली त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण पुण्याला होती. कावसजी दादाभाई नायगमवाला हे सायन्स कॉलेजातले अध्यापक. भावनगरचे महाराजा तख्तसिंगजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. वीस इंची आरशाची तिची दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातली सर्वांत मोठी होती. नायगमवालांचा ओढा वर्णपटाकडे होता. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा रेखीव आहे, तिच्या कडा पसरट नाहीत, हे त्यांनी दाखवले आणि ते नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या बड्या माणसाच्या सिद्धांताविरुद्ध जाणारे होते.

२२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्रावरून गेले, तेव्हा कॅमेरे घेऊन जग इथे आले. प्लेगचे दिवस होते. विजयदुर्गावर लॉकियर, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला नायगमवाला आणि लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, वर्ध्याजवळ पुलगावला आणखी एक ब्रिटिश पथक, त्याच्याच शेजारी तळणीला वॉल्टर आणि ॲनी माँडर. ॲनी माँडर यांनी तळणीला घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडलाची एक शलाका सूर्यबिंबाच्या कित्येक पट लांब गेलेली दिसते. मुंबईहून पुलगाव-तळणीला जायचे तर जीआयपी रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करतच जाते. त्या पथकांची भिंगे आणि काचेच्या पेट्या खानदेशातूनच पुढे गेल्या असणार. इथे एक समज दुरुस्त करतो. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ पाहून हेलियमचा शोध तिथे लागला असे सर्रास सांगितले जाते. हेलियमची रेषा १८६८ ची, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ओटे १८९८ च्या ग्रहणाचे आहेत. तेवढ्याने त्यांचे महत्त्व मुळीच कमी होत नाही.

जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेने छापला. दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या जिवावर उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर थांबले.

हैदराबादची कहाणी याच्या उलट आहे आणि म्हणून मला ती मोलाची वाटते. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने १९०१ मध्ये फिसलबंडा येथे आपली वेधशाळा थाटली. इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणि कुक कंपनीचा आठ इंची तारा-कॅमेरा आणवला. १९०७ मध्ये नवाब वारले. इथेही सगळे संपायचे. पण निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली, बेगमपेठला हलवली, १९०८ मध्ये आर्थर चॅटवुड यांना संचालक नेमले आणि १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाकडे सोपवली. चिलीच्या सँटियागो वेधशाळेने अंगावर घेऊन सोडून दिलेला दक्षिण पट्टा हैदराबादने उचलला. १९१४ मध्ये रॉबर्ट पोकॉक आले, त्यांनी कामाची घडी बसवली. १९१८ मध्ये ते ऐन तारुण्यात गेले. मग टी. पी. भास्करन यांनी सूत्रे घेतली आणि १९४४ पर्यंत सांभाळली. दक्षिण पट्ट्याच्या बाराशेहून अधिक प्लेटा झाल्या. महायुद्धानंतर जर्मनीच्या पोट्सडाम वेधशाळेचे काम अर्धवट राहिले, तेव्हा त्यातलाही काही भाग हैदराबादने करून दिला. अभिजितचा पट्टा तो हाच. याच वेधशाळेत सहायक असलेल्या बाप्पू यांचा मुलगा त्या आवारात लहानाचा मोठा झाला. भारतीय वेधशाळांना नवा आकार देणारे वेणू बाप्पू ते हेच.

पुण्याची दुर्बीण मोठी, हैदराबादची लहान. आकाशाचे मोजमाप पुरे झाले ते लहान दुर्बिणीने, कारण तिच्यामागे माणसे बदलली तरी चालणारी संस्था होती. खानदेशाला ही गोष्ट नवी वाटू नये. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि सोन्हदेव या सामंताने त्याला नेमणूक करून दिली, अशी त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. ग्रंथ एक माणूस लिहितो. तो शिकवला जात राहायचा तर मठ लागतो आणि मठाला उत्पन्न लागते, हे यादवांच्या काळच्या सामंताला कळत होते. धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात काही वर्षे शिकवलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून भारतीय ज्योतिषाच्या सबंध परंपरेचा हिशेब मांडला. त्याच वर्षी केपची जंत्री छापून निघू लागली. दोन्ही कामांची जात मला एकच दिसते.

काचेचे युग पुढे फार वेगाने गेले. १९४९ ते १९५८ दरम्यान कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीने चौदा इंची प्लेटांवर उत्तर आकाश निळ्या आणि तांबड्या अशा दोन रंगांत टिपले. त्याच्या प्रती जगभर घरोघरच्या नकाशासारख्या वापरल्या गेल्या. मग सीसीडी ही प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चकती आली आणि विसाव्या शतकाच्या शेवटी काच बाजूला पडली.

मग आज या जुन्या काचांचे काय काम? तारे स्थिर नाहीत. व्याध वर्षाला १.३ विकला सरकतो (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). पॅरिसच्या मापाच्या प्लेटवर शंभर वर्षांत हे दोन मिलिमीटर भरतात, नुसत्या डोळ्याला दिसतील एवढे. बहुतेक तारे याहून कितीतरी हळू चालतात. त्यांची ही चाल, म्हणजे निजगती, काढायला दोनच उपाय : अतिशय बारीक माप, किंवा पुष्कळ वर्षांचे अंतर. १९८९ मध्ये सुटलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने बारीक माप दिले, पण त्याची कामाची वर्षे चारही नव्हती. अंतर दिले ते पॅरिसच्या योजनेने. जुन्या जंत्र्यांतले शेचाळीस लाख ताऱ्यांचे आकडे संगणकात भरले गेले, अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने ते हिप्पार्कसच्या चौकटीत बसवले आणि उपग्रहाच्या नोंदींशी ताडून २००० मध्ये ‘टायको-२’ ही पंचवीस लाख ताऱ्यांची जंत्री तयार झाली. हैदराबादच्या खंडांतले आकडे त्यात आहेत. वाया गेली म्हणून जिच्यावर शेरा मारून झाला होता, त्या मोजणीला शंभर वर्षांनी कामगिरी मिळाली. आधी दिलेला निवाडा मला मान्य नाही तो यासाठी. हार्वर्डच्या गस्तीचेही तसेच. १९६३ मध्ये ३सी २७३ या क्वेसारचे गूढ उकलू लागले, तेव्हा त्याचे तेज पूर्वी कसे बदलत होते हे १८८० च्या दशकापासूनच्या प्लेटांत सापडले. क्वेसार हे नावही ज्यांना माहीत नव्हते, त्यांनी तो टिपून ठेवला होता.

आकाशाची मोजणी महाराष्ट्रात आजही चालू आहे. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने रेडिओ लहरींत आकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग पिंजून काढला आणि लाखो रेडिओ-स्रोतांची यादी जगाला खुली केली. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे २०२५ मध्ये आली. दहा वर्षे तेच आकाश पुन:पुन्हा टिपण्याची तिची योजना आहे. या नव्या मोजण्यांची जुळणी ज्या जुन्या मोजण्यांशी करायची, त्या काचा मात्र अनेक ठिकाणी दमट खोल्यांत पडून आहेत, आणि इकडे शहरांचे दिवे वाढत चालले आहेत. मेहरूणहून शशकाचे ठळक तारे अजून दिसतात. त्यांच्या शेजारचे मंद तारे पाहायला सातपुड्याकडे किंवा पाटणच्या बाजूला जावे लागते.

हे पुस्तक तंत्राचा इतिहास सांगते, पण ते तंत्राच्या इतिहासापुरते नाही. वेधशाळा कशा उभ्या राहिल्या, कशा टिकल्या आणि कशा बंद पडल्या, याकडे त्यात जास्त लक्ष दिले आहे. मोजणाऱ्या माणसांना शोध लावणाऱ्यांइतकीच जागा दिली आहे. गणित लागेल तिथे शाळेतल्या भूमितीपलीकडचे वापरलेले नाही. प्लेटवरच्या अंतरांवरून ताऱ्याची जागा कशी निघते, हे आकृत्यांच्या आधाराने कुणालाही समजेल अशी आशा आहे. पुणे आणि हैदराबाद यांना पॅरिस आणि हार्वर्डएवढी पाने मिळाली आहेत. जागतिक इतिहासाच्या तराजूत ते प्रमाण चुकीचे ठरेल हे मी जाणतो; मराठी वाचकासाठी लिहिताना मला तेच योग्य वाटले. नक्षत्रांची आणि ताऱ्यांची नावे आपल्याकडची आहेत तिथे तीच ठेवली आहेत, म्हणजे पुस्तक हातात घेऊन गच्चीवर जाता येईल.

शेवटी एक विनंती. जुनी महाविद्यालये, शाळांच्या प्रयोगशाळा, बंद पडलेले फोटो स्टुडिओ यांच्या कपाटांत काचेच्या प्लेटा अजून सापडतात. ग्रहणाच्या, धूमकेतूच्या, कधी नुसत्या आकाशाच्या. अशी काच हाती आली तर ती पुसू नका आणि पाण्याने धुऊ नका. ज्या बाजूला थर आहे त्या बाजूला बोट लावू नका, फक्त कडांना धरा. कडेवर किंवा पाकिटावर तारीख, वेळ, ठिकाण असे काही लिहिलेले असेल तर ते आधी उतरवून घ्या, कारण तारीख गेली की प्लेटचा निम्मा उपयोग जातो. प्रत्येक प्लेट वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळून, आडवी न रचता कडेवर उभी, कोरड्या जागी ठेवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला किंवा पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेला कळवा.

मेहरूण, जळगाव